चांदीच्या करंड्यातला चहा

सबनीसांच्या घरात चहाला नाव ठेवायची सोय नव्हती. भाजीला ठेवा, म्युनिसिपालिटीला ठेवा, नव्या जावयाला तर खुशाल ठेवा; पण चहाला नाही. हा कायदा जानकीबाईंचा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एका सकाळी वामनराव म्हणाले होते, "आज जरा पाणचट झालाय." जानकीबाईंनी हातातली सांडशी त्यांच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "जो नाव ठेवील, तो उद्यापासून करील." दुसऱ्या दिवसापासून झाशीच्या सिविल लाइन्समधल्या या घरात सकाळचा चहा वामनराव करू लागले. मुलं मोठी झाली, सून आली, नातवंडं झाली, जानकीबाई गेल्या, तरी सांडशी काही त्यांच्या हातून सुटली नाही. कारण त्यांच्या चहाला नाव ठेवण्याइतकं खुळं या घरात कोणी जन्मलंच नव्हतं. दूध लागलेलं असो की आलं जास्त झालेलं असो, पहिला घोट घेऊन प्रत्येकजण "छान झालाय" म्हणे. रस्त्यात भेटलेल्याला राम राम करावा, तसं.

म्हणूनच पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी चारुताने पिशवीतलं पाकीट आईच्या नाही, आजोबांच्या हातात दिलं.

"आजोबा, हा तुम्ही सांभाळा. या चहाला शेजाऱ्याचा वास फार लवकर लागतो. आईच्या फडताळात ठेवलात तर उद्यापर्यंत हिंगाचा होईल."

"एवढा नाजूक?"

"फार. थंडी पुरती गेलेली नसते तेव्हाच याच्या कळ्या येतात, बाकीची बाग झोपलेली असते. कळ्या खुडायच्या, पसरायच्या, सुकू द्यायच्या. मळायचं नाही, भाजायचं नाही. दुसरं काही करायचंच नाही."

"म्हणजे पापडच की," मऊरानीपुराहून दुपारच्या बसने आलेली इंदूआत्या म्हणाली. ती वामनरावांची लेक आणि चारुताच्या बापाची, सुबोधची, थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली, पण निवृत्ती फक्त शाळेपुरती. "आणि रोपाचं नाव काय म्हणालीस?"

"अजून नाव नाही आत्या. सतरा नंबर म्हणतो आम्ही. नवीन वाण आहे. शेकडो रोपांतून निवडत निवडत हे एक राहिलं."

"नंबर? कैदी आहे का ते?"

निशांतने पाकिटात डोकावून पाहिलं. चारुताच्या या धाकट्या भावाला मराठी सगळं कळे, पण बोलायची वेळ आली की गाडी हिंदीच्या रुळावर जाई. "दीदी, ये तो चाय कम, बिल्ली के कान ज़्यादा लग रहे हैं," तो म्हणाला. खरंच, पांढऱ्या मऊ लवेच्या त्या कळ्या मांजराच्या पिल्लाच्या कानांसारख्याच दिसत होत्या.

सगळे हसले. सुबोध हसला नाही.

कारण या कळ्यांवर त्याची पोर घरी येणार की जाणार ते ठरायचं होतं. हिमाचलात पालमपूरला चारुता पाच वर्षं चहाच्या रोपांवर काम करत होती. तिथल्याच वरच्या अंगाच्या एका बागेने तिला विचारलं होतं, की या नव्या वाणाची एक आख्खी उतरण लावायची आहे, ती तू सांभाळशील का. सांभाळायची म्हणजे चांगली तोडणी येईपर्यंत पाच-सहा वर्षं तिथे राहायचं. इकडे सुबोधने आपले स्नेही रमाकांतजी यांच्याकडे शब्द टाकून झाशीतच एका शेतकी कॉलेजात तिच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. दिवाळीपासून बाप-लेकीची यावरून धुसफूस चालली होती. होळीला फोनवर दोघंही रडली आणि दोघांनीही सर्दीचं कारण सांगितलं. शेवटी वामनरावांनी निकाल दिला: ज्या चहापायी पोर घर सोडते तो घरातल्या सगळ्यांनी एकदा पिऊन बघावा. सगळ्यांनी एकमुखाने चांगला म्हटला तर तिने जावं, एकानेही नाक मुरडलं तर रमाकांतजींना होकार. चारुता एकोणतीस वर्षांची, स्वतःच्या पायावर उभी. तिला कोणी अडवू शकलं नसतं. पण तिला भांडून जायचं नव्हतं. ती बरं म्हणाली होती. रमाकांतजी उत्तर घ्यायला पाडव्याच्या संध्याकाळी येणार होते.

वामनरावांनी पाकीट देवघरात नेलं. स्वयंपाकघरापासून लांब, शिवाय नवं ते आधी देवापुढे ठेवायचं ही घरची रीत. गहू असो, चिंचा असोत, निशांतचा नवा फोनसुद्धा एक रात्र गणपतीपुढे बसला होता. आता देवापुढे प्लास्टिकचं पाकीट काय ठेवायचं? त्यांनी जानकीबाईंचा चांदीचा करंडा काढला. त्यात कापराच्या वड्या होत्या. त्या त्यांनी कागदात काढून ठेवल्या, करंडा धुतला, पंच्याने आतून बाहेरून पुसला आणि त्यात कळ्या भरल्या. मूठभर उरल्या, त्या पाकिटाची घडी घालून चारुताच्या पिशवीत परत ठेवल्या.

झाकण लावण्यापूर्वी त्यांनी करंडा नाकाशी नेला. काहीच नाही. पण त्यांना कशाचाच वास येत नसे. दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला, तो गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. फोडणी, उदबत्ती, मोगरा, सगळं एकच झालं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या माणसाला वास येत नाही त्याला गॅसपाशी कोण उभं राहू देईल? आणि गॅसपासून हटवलं, की सांडशी गेली. मग सकाळी उठायचं तरी कशासाठी?

त्यांनी झाकण घट्ट लावलं, करंडा गणपतीपुढे ठेवला आणि मनात म्हणाले, पोरीचं चांगलं कर.

पाडव्याच्या सकाळी गच्चीवर गुढी उभी राहिली आणि दरवर्षीप्रमाणे शेजारच्या भानुमतीजींनी आपल्या गच्चीवरून दरवर्षीचाच प्रश्न विचारला, "देविकाजी, आप लोग लोटा उलटा क्यों टाँगते हो?" चारुताच्या आईने, देविकाने, दरवर्षीचंच उत्तर दिलं, "सीधा टाँगेंगे तो चिड़िया नहाएगी." मग कडुनिंबाची कोवळी पानं आणि गूळ वाटला गेला आणि सगळ्यांनी तो कडूपणा तोंड न वाकडं करता गिळला. सबनीसांना याचा सराव होता.

देविका खाली आली तर स्वयंपाकघरात नणंदबाई आधीच मोर्चा बांधून बसल्या होत्या.

"देविका, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"वन्सं, मी पुरणाच्या बाजूने आहे. ते लागेल आता."

"टाळू नकोस. सुबोध एकटा पडला पाहिजे. निशांतला मी फोडलाय. त्याला पहाडात फुकट राहायची जागा दिसतेय."

देविका नुसती हसली. उत्तर तिलाच ठाऊक नव्हतं. लेकीने घरी यावं असं तिला मनापासून वाटत होतं. वरच्या खोलीच्या खिडकीला तिने नवे पडदेसुद्धा शिवले होते, कोणाला न सांगता. आणि काल रात्री जेवताना सतरा नंबरबद्दल बोलताना त्याच पोरीचा चेहरा असा काही उजळला होता, की पडदे शिवल्याची देविकाला लाज वाटली. आईने दोन्हीकडे असणं याला काही इलाज नाही, असं म्हणून ती पुरण घाटत राहिली.

वामनराव करंडा घेऊन आले. चारुताने दारातूनच सगळं समजावलं. पाणी उकळलं की उतरवायचं, जरा निवू द्यायचं, मग कळ्या घालून झाकायचं. दूध नाही, साखर नाही, आलं तर नाहीच. एवढं सांगून ती गच्चीवर सतरंजी घालायला गेली. वामनरावांनी तसंच केलं. सांडशीने पातेलं उतरवलं, शंभर वेळा बोटाने वाफ पाहिली, आणि करंड्याचं झाकण उघडून कळ्या पाण्यात सोडल्या.

वास देविकापर्यंत आला तेव्हा तिच्या हातातली पळी थांबली. आरती संपल्यावर तबक फिरतं तेव्हा येतो, तोच वास. तिने करंड्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. ते पातेल्यावर वाकून, डोळे मिटून, समाधानाने वाफ घेत होते.

तिला आश्चर्य वाटलं नाही. हिवाळ्यात त्यांनी नासलेल्या दुधाचा चहा सगळ्यांना वाढला होता, तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं. त्या दिवसापासून ते चहा करून गेले की ती मुकाट्याने गॅसचं बटण तपासून येई. बोलायचं कसं? सांगितलं असतं तर त्यांची सांडशी जाणार, आणि ती काढून घेणारी सून आपण ठरणार. आताही सांगितलं तर पाडव्याच्या दिवशी, नातीच्या देखत, म्हाताऱ्या माणसाची चूक चव्हाट्यावर येणार.

"मामंजी, कप मी नेते," एवढंच ती म्हणाली.

गच्चीवर गुढीच्या सावलीत सगळे गोल बसले. किल्ल्याच्या बाजूने गार वारा येत होता. सुबोधने कप हातात घेतला आणि त्याला पहिल्यांदा वाटलं की गुढीपुढचा कापूर अजून जळतोय. त्याने वळून पाहिलं. निरांजन केव्हाच शांत झालं होतं.

त्याने घोट घेतला. कापूर. आधी कापूर, मधे कापूर आणि गिळल्यावर घशात गार गार पुन्हा कापूर.

त्याने कपावरून एकेकाकडे पाहिलं. इंदूताईने घोट घेतला, तिच्या भुवया वर गेल्या, पण वर्षानुवर्षांची सवय कामाला आली. "छान झालाय," ती म्हणाली.

"एकदम फ्रेश," निशांत म्हणाला. "जुकाम खुल गया."

देविकाने कप ओठांना लावला न लावला. "छान आहे हो."

"हलका आहे," वामनराव समाधानाने म्हणाले. "पण छान झालाय. आता सुबोध, तू."

सुबोधने लेकीकडे पाहिलं. चारुताने आपल्या कपाचा नुसता वास घेतला होता. ती पांढरी पडली होती. तिची नजर आजोबांच्या मांडीशी ठेवलेल्या करंड्यावर गेली, तिथून आजोबांच्या खुललेल्या चेहऱ्यावर, आणि ती खाली बघत राहिली. ती काही बोलणार नाही हे सुबोधला कळलं. आजोबांना उघडं पाडण्यापेक्षा स्वतःच्या वाणाचं नाव बुडालेलं तिला चालणार होतं.

त्याच्यापुढे ताट वाढून ठेवलं होतं म्हणा ना. एकानेही नाक मुरडलं तर रमाकांतजींना होकार, हे आप्पांचे, म्हणजे वामनरावांचेच, शब्द. त्याने नुसतं "मला नाही आवडला" म्हणायचं. खोटं नव्हतं ते. पोर घरी, वरच्या खोलीत, आणि रोज संध्याकाळी कॉलेजातून आली की तिच्या स्कूटीचा आवाज. या आवाजाची वाट तो पाच वर्षं बघत होता. अगदी सोपं होतं.

"आप्पा," तो म्हणाला, "यात कापूर आहे."

इंदूआत्या उसळली.

"सुबोध, हे बरं नाही. आम्ही चौघांनी चांगला म्हटला आणि तुला कापूर लागला? पोरीला अडवायला काहीही शोधून काढशील?"

"ताई, तूसुद्धा कापूरच प्यायलीस. तुझ्या भुवया मी बघितल्या."

"माझ्या भुवया जन्मापासून अशाच आहेत."

"पापा, नहीं पसंद तो सीधे बोल दो ना," निशांत म्हणाला.

"मी चहाला नाव ठेवत नाहीये." सुबोधचा आवाज चढला, मग त्याने तो खाली आणला. "हा तिचा चहाच नाही, एवढंच म्हणतोय. दिवस-दिवस उन्हाथंडीत उभं राहून या पोरीने काहीतरी केलंय, ते आपण प्यायलोच नाही अजून. कापराचं पाणी पिऊन तिला नापास करायचं नाही मला, आणि असलं पाणी पिऊन पाससुद्धा करायचं नाही. चारू, आहे का अजून थोडा?"

चारुता बापाकडे बघत राहिली. लहानपणी सायकल शिकवताना त्याने मागून हात सोडला होता आणि तिला ते बऱ्याच पुढे गेल्यावर कळलं होतं, तेव्हा ती अशीच बघत राहिली होती. "पिशवीत आहे," ती म्हणाली. "मूठभर."

"कापूर?" वामनराव म्हणाले. त्यांनी आपल्या कपात पाहिलं, मग करंडा उचलून नाकाशी नेला, उगीचच. "मी धुतला होता रे. पुसला होता."

"मामंजी," देविका हलकेच म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही ना?"

त्यांनी करंडा सतरंजीवर ठेवला.

"मला हिवाळ्यापासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"चहाला नाव ठेवल्यासारखं झालं असतं."

वामनराव एकदम हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसले. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, पण ते सगळ्यांनी हसण्यातच धरलं. "म्हणजे मी नासलेलं दूध पाजलं आणि तुम्ही छान छान म्हणत प्यायलात? जानकीने बरा कायदा केला. राजाने विष दिलं तरी प्रजा बढ़िया म्हणणार."

"दूध जरा फाटलं था, आजोबा," निशांत म्हणाला. "पनीर जैसा. बुरा नहीं था."

दुसरा चहा चारुताने केला, पण सांडशी आजोबांनीच धरली. पाणी ओतलं तेव्हा कळ्या आधी वर तरंगल्या, मग एकेक उभी होऊन सावकाश खाली बसली. रंग जेमतेम आला, कोवळ्या उन्हासारखा पिवळसर. पुन्हा सगळे गच्चीवर गोल बसले. या वेळी कोणी बोलायची घाई केली नाही.

"मला सांगा आता," वामनराव कप दोन्ही हातांत धरून म्हणाले. "मला नुसतं गरम लागतंय आणि शेवटी जिभेवर थोडं गोड. बाकीचं तुम्ही सांगा. आणि खरं सांगा, आज कायदा बंद."

निशांतने सुरुवात केली. "पहले तो लगा गरम पानी है. सच्ची. पर निगलने के बाद कुछ आता है. मीठा-सा. जैसे... पता नहीं. अच्छा है, पर समोसे के साथ नहीं चलेगा."

"त्याच्याबरोबर काहीच खायचं नसतं," चारुता म्हणाली.

"यही तो दिक्कत है."

"कोवळी काकडी," इंदूआत्या डोळे मिटून म्हणाली. "आणि गवताची गंजी असते ना आमच्याकडे, तिच्याजवळून सकाळी गेलं की येतो तो वास. चारू, मला आवडला. पण माझ्यासाठी जरा फिका आहे. मला झोपेतून ओढून उठवणारा चहा लागतो. खरं बोलायचं म्हणालात म्हणून बोलले, नाहीतर मी तुझ्या बाजूची."

"मला पहिल्यांदा काही कळलंच नाही," देविका म्हणाली. "आता दुसऱ्या घोटाला कळतंय. घाई करणाऱ्याला हा दिसत नाही." एवढं बोलता बोलता तिच्या मनात पडद्यांचं काय करायचं ते ठरून गेलं. ते पडदे पहाडातल्या खोलीला होतील. मापं नंतर विचारू.

उरला सुबोध. चारुताने त्याच्याकडे पाहिलं नाही. करण्यासारखं होतं ते तिचं करून झालं होतं. रोप निवडलं, कळ्या येतात की नाही म्हणून धुक्यात उभी राहिली, पहिली खुडणी तळहातावर घेऊन एकटीच हसली. आता हा एक माणूस काय म्हणतो तेवढं बाकी होतं, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. बाबांनी नको म्हटलं तर ती थांबणार होती. कबूल केलं होतं म्हणून नाही. मघाशी त्यांनी जे केलं त्यानंतर त्यांचा शब्द मोडणं तिला जमलंच नसतं.

सुबोधने अर्धा कप संपवला होता. तो आप्पांकडे वळला.

"आप्पा, आठवतं का, तुम्ही मला सायकलवर बसवून ओरछ्याला न्यायचात. बेतवा नदीच्या वाळूत खरबुजाच्या वाड्या असायच्या."

"आठवतं ना. तू उतरताना पडायचास."

"तुम्ही खरबूज हातात घेऊन देठाशी वास घ्यायचात. एक बाजूला, दोन बाजूला, मग एक निवडायचात. वाडीवाला म्हणायचा, बाबूजी, अब हमाओ धंधा तुमईं सँभार लेओ. ते तुम्ही तिथेच चाकूने कापायचात. चाकू आत जाताना पहिल्यांदा जो वास यायचा, खाण्याच्या आधीचा, तो." त्याने कप पुढे केला, जसं काही दाखवताच येणार होतं. "तो आहे यात. अगदी तोच. मी इतक्या वर्षांत विसरून गेलो होतो."

वामनरावांनी पुन्हा एक घोट घेतला. या खेपेला त्यांनी तो बराच वेळ तोंडात धरला. गेले दोन उन्हाळे ते स्वतः खरबूज निवडत नव्हते, निशांतला पाठवत होते, पाय दुखतात म्हणून सांगत होते. सुबोधला ते आत्ता उमगलं आणि त्याने मान खाली घातली.

"देठापासचा," वामनराव म्हणाले. "थोडा मधासारखा, थोडा ओल्या वाळूचा."

"हो."

"मग कळलं मला. चांगला आहे." आणि मग, "तू काय म्हणतोस ते सांग. खरबुजाचं नको, पोरीचं."

सुबोधने खिशातून फोन काढला. नंबर लावून तो कठड्यापाशी गेला, पण आवाज सगळ्यांना ऐकू येईल एवढ्यावरच थांबला.

"रमाकांतजी, नमस्कार. नववर्ष की बधाई हो... जी, उसी के लिए फ़ोन किया. बिटिया नहीं आ पाएगी... नहीं-नहीं, नाराज़ी कैसी. उसका अपना काम जम गया है वहाँ. पौधा उसका लगाया हुआ है, उसे छोड़के कैसे आएगी... आप शाम को आइए ज़रूर. पूरणपोळी है. और चाय हम पिलाएँगे, कापूरवाली भी है, बिना कापूरवाली भी."

तो परत येऊन बसला आणि रिकामा कप चारुतापुढे धरला. तिने ओतलं. थोडं बशीत सांडलं. सुबोधने ते बशीतूनच पिऊन टाकलं, आणि मग बापलेक दोघंही गुढीकडे बघत बसले, कारण एकमेकांकडे बघितलं असतं तर पुन्हा सर्दी झाली असती.

"सुट्टीला यायचं," तो शेवटी म्हणाला. "आणि त्या रोपाला नाव ठेव एखादं. सतरा नंबर काय."

"तुम्ही सुचवा, बाबा."

"मी कशाला? आधीच एका चहाला नाव ठेवून बसलोय."

हे त्याने बोलायला नको होतं. इंदूआत्या शाळेत होती तेव्हाही पोरांच्या चुका अशाच टिपायची. "खरंच की," ती म्हणाली. "चहाला नाव ठेवलंस. सगळ्यांच्या देखत. आईचा कायदा काय होता?"

"ताई, मी चहाला नाही, करंड्याला ठेवलं."

"पिताना ठेवलंस ना? मग झालं."

"आणि आज कायदा बंद होता."

"तो दुसऱ्या चहाला. पहिल्याच्या वेळी चालू होता."

सगळे हसत होते, पण हसता हसता एकेकाची नजर वामनरावांकडे गेली आणि हसू थांबलं. त्यांच्या मांडीवर सांडशी होती. मघाशी खालून आणलेली, ठेवायची राहून गेलेली. तिच्या एका पायाला पूर्वी जानकीबाई बांधत तशी चिंधी होती, चटका लागू नये म्हणून. ती दरवर्षी बदलली जाई, पण गाठ त्यांच्याच पद्धतीची असे.

देविका म्हणाली, "वन्सं, राहू द्या. मामंजी करतील, मी उभी राहीन जवळ."

"नको," वामनराव म्हणाले. "तू गेला हिवाळाभर उभीच आहेस." त्यांनी सांडशी उचलली, एकदा उघडून मिटून पाहिली आणि सुबोधकडे दिली. "घे रे. कायदा तो कायदा."

दुसऱ्या दिवशी चारुताची गाडी सकाळची होती. वामनराव नेहमीच्या वेळी उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथून परत फिरून पहिल्यांदाच बैठकीतल्या खुर्चीवर बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. मग त्यांनी वर्तमानपत्र धरलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. काहीतरी पडलं. "देविका, चहापत्ती कुठे आहे?" असं सुबोधने विचारलं आणि देविकाने, "मला काय माहीत, मी कधी केलाय?" असं सांगितलं. चारुता सामान बांधताना हसत होती. इंदूआत्याने निशांतला खुणेने गप्प बसवलं.

शेवटी सुबोध ट्रे घेऊन आला. डोळे लाल होते. ते धुरामुळे म्हणावं तर गॅसला धूर नसतो. त्याने आधी आप्पांना कप दिला आणि मग सगळ्यांना. सगळ्यांनी घोट घेतला. इंदूआत्याच्या भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या. निशांतने चारुताकडे पाहिलं, चारुताने छताकडे. देविका पदराने तोंड पुसू लागली.

सगळे वामनरावांची वाट बघत होते.

वामनरावांना वास येत नव्हता, पण जीभ शाबूत होती. पहिल्या घोटाला त्यांना कळलं. पोर जायची होती त्या गडबडीत सुबोध साखर घालायला साफ विसरला होता. एक शब्द बोलायचा अवकाश होता. नुसतं, "साखर नाही रे." आणि सांडशी उद्यापासून परत त्यांच्या हातात. कायदा तो कायदा.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो ट्रे हातात धरून उभा होता, शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवायला आणल्यासारखा. पलीकडे नात जाण्यासाठी तयार होऊन बसली होती, कप तोंडाशी धरून, आणि दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

वामनरावांनी आणखी एक घोट घेतला, सावकाश गिळला आणि कप खाली ठेवला.

"छान झालाय," ते म्हणाले. "अजून असला तर अर्धा कप दे."